घरच्या घरी कोथिंबीर: धने पेरण्यापासून धने काढण्यापर्यंत

नव्याने बाग करणाऱ्यांची कोथिंबिरीबद्दल एक ठरलेली तक्रार असते. उगवली, छान वाढली, दोनदा कापली आणि मग अचानक उंच होऊन तिला फुलं आली. आता पानं येत नाहीत, काय चुकलं? बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. उगवण, पानं, फुलं, धने हा कोथिंबिरीचा सगळा संसार तीन-चार महिन्यांत आटोपतो. त्यातही आपल्याला हवी तशी कोवळी, रुंद पानं मिळण्याचे दिवस जेमतेम महिना-दीड महिना. तेव्हा एक कुंडी गच्च पेरायची आणि ती वर्षभर पुरवायची, ही अपेक्षा आधीच सोडून द्या. थोडी थोडी पण सारखी पेरत राहायची, एवढं मनाशी धरलं की बाकीची कामं सोपी आहेत.

आधी हवामान बघा

कोथिंबिरीला गारवा आवडतो. दिवसाचं तापमान साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस असेल तर ती सुखात वाढते. हलकी थंडी ती सहज सोसते, अगदी थोडं दहिवर गोठलं तरी लगेच मरत नाही. उन्हाची मात्र तिला धास्ती. तापमान ३० अंशांच्या वर गेलं की धने एकसारखे उगवत नाहीत आणि उगवलेली रोपं फुलावर यायची घाई करतात.

दुसरी गोष्ट दिवसाच्या लांबीची. दिवस मोठा होत जातो तसा कोथिंबिरीला फुलोऱ्याचा इशारा मिळतो. म्हणून थंडी सरून दिवस वाढायला लागल्यावर पेरलेली कोथिंबीर लवकर तुऱ्यावर येते, आणि दिवस लहान होत असताना पेरलेली जास्त दिवस पानं देते. पहिल्यांदाच करत असाल तर उन्हाळा उतरल्यानंतरचा काळ निवडा, हुरूप टिकेल. घरात दिव्याखाली वाढवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: दिवा रोज दहा-बारा तास पुरे, दिवसरात्र जळत ठेवू नका.

जागेचं म्हणाल तर गार दिवसांत चार ते सहा तास थेट ऊन मिळायला हवं. उन्हाळ्यात सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली अशी जागा उत्तम. मोठ्या झाडाच्या पूर्वेला किंवा शेडनेटखाली चालेल. पूर्ण सावलीत मात्र रोपं लांबट, पांढुरकी होतात आणि माना टाकतात.

कुंडी आणि माती

कोथिंबिरीला सोटमूळ असतं आणि ते सरळ खाली जातं. त्यामुळे कुंडीचं तोंड कितीही रुंद असो, खोली किमान १५ सेंटीमीटर हवी, २० असेल तर आणखी बरं. उथळ ट्रे फक्त एकदाच कापायच्या कोवळ्या कोथिंबिरीसाठी वापरावेत. लांबट आयताकृती कुंडी किंवा ग्रो बॅग मला गोल कुंडीपेक्षा सोयीची वाटते, कारण तिच्यात ओळी करता येतात आणि ओळीओळीने वेगवेगळ्या दिवशी पेरता येतं. तळाला भोकं हवीतच. पाणी साचलेल्या मातीत हे सोटमूळ फार लवकर सडतं.

याच सोटमुळामुळे कोथिंबिरीची रोपं उपटून दुसरीकडे लावू नयेत. मूळ दुखावलं की रोप एक तर खुंटतं, नाहीतर धसका घेतल्यासारखं सरळ फुलावर येतं. जिथे वाढवायची तिथेच पेरा.

माती भुसभुशीत हवी. दोन भाग बागेतली माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा जाडसर वाळू असं मिश्रण कुंडीला पुरतं. मूठभर ओली माती मुठीत दाबून सोडली की तिचा गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारताच तो फुटावा. गोळा फुटत नसेल तर वाळू वाढवा, गोळाच होत नसेल तर खत वाढवा. मातीचा आम्ल-विम्ल निर्देशांक, म्हणजेच सामू (pH), मोजायची सोय असेल तर तो ६ ते ७ च्या दरम्यान असू द्या. ती नसली तरी अडत नाही, सामू जरा इकडेतिकडे झाला तरी कोथिंबीर चालवून घेते. जमिनीत वाफा करणार असाल तर वीतभर खोल खणून ढेकळं फोडा, दगड काढा आणि मगच खत मिसळा.

कच्चं, अर्धवट कुजलेलं शेणखत टाकायचा मोह टाळा. त्याने मुळं भाजतात, तण माजतं, आणि शेवटी ही पानं आपण कच्चीच खाणार असतो.

धने कोणते घ्यायचे

स्वयंपाकघरातले धने पेरले तर उगवतात का? पुष्कळदा उगवतात. अट एवढीच की ते अख्खे असावेत, भाजलेले नसावेत आणि फार जुने नसावेत. धन्यांची उगवणशक्ती साधारण दोन-तीन वर्षं चांगली टिकते, पुढे झपाट्याने घसरते. (इजिप्तमध्ये तूतनखामेनच्या थडग्यातही धने सापडले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे ते धने उगवण्याच्या पलीकडे गेलेले, पण माणसाला या पिकाची किती जुनी सवय आहे ते कळतं.)

खात्री करायची असेल तर दहा धने ओल्या कागदी रुमालात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. कागद ओलसर राहू द्या, निथळता नको. दोन आठवड्यांत सहा-सात किंवा जास्त धन्यांना कोंब आले तर बियाणं पेरण्याजोगं आहे. तीन-चारच आले तर दुप्पट पेरा किंवा दुसरे धने शोधा.

पेरणीसाठी विकल्या जाणाऱ्या पाकिटातल्या बियाण्याचा फायदा असा की त्यात उशिरा फुलावर येणारे वाण मिळतात. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. मसाल्याचे धने बहुधा धन्यांसाठीच वाढवलेल्या वाणाचे असतात, त्यामुळे त्यांची कोथिंबीर लवकर तुरा काढते. गार दिवसांत हा फरक फारसा जाणवत नाही, उकाड्यात जाणवतो. पाकिटातलं बी गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते खायचं नाही, हाताळल्यावर हात धुवायचे आणि उरलेलं पाकीट स्वयंपाकघरापासून लांब ठेवायचं.

रगडणं आणि भिजवणं

आपण ज्याला धना म्हणतो ते खरं तर एक छोटं फळ असतं. त्याच्या गोल टरफलात दोन बिया एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. अख्खा धना पेरला तरी उगवतो, पण उशीर लागतो, आणि दोन रोपं एकाच ठिकाणाहून निघाल्याने ती एकमेकांशी भांडत वाढतात. म्हणून पेरण्याआधी धने दुभंगून घ्यायचे.

स्वच्छ कापडावर धने पसरा, वर कापडाची घडी टाका आणि लाटणं किंवा वाटीचा तळ हलकेच फिरवा. धन्यांचे दोन भाग झाले की थांबायचं. इथे जोर करू नका. पावडर दिसायला लागली म्हणजे बिया फुटल्या. काही धने अख्खे राहिले तर राहू द्यात.

मग हे दुभंगलेले धने साध्या पाण्यात रात्रभर भिजवा. बारा तास पुरेत, चोवीसच्या पुढे जाऊ नका, बी गुदमरतं. सकाळी पाणी ओतून टाका, धने फडक्यावर अर्धा तास पसरा म्हणजे हाताला चिकटणार नाहीत, आणि त्याच दिवशी पेरा. घाई नसेल तर भिजवण्याची पायरी गाळली तरी चालते, उगवायला दोन-चार दिवस जास्त लागतील इतकंच.

पेरणी

पेरण्याच्या आदल्या दिवशी कुंडीला भरपूर पाणी द्या आणि निथळू द्या. दुसऱ्या दिवशी माती वाफशावर असते, म्हणजे ओल असते पण चिखल नसतो. कोरड्या मातीत पेरून वरून पाण्याची धार सोडली की बिया वाहून एका कोपऱ्यात जमतात आणि मग तिथेच जंगल उगवतं.

बोटाने किंवा काडीने एक ते दीड सेंटीमीटर खोल रेघा ओढा. दोन रेघांमध्ये कुंडीत ८-१० सेंटीमीटर, वाफ्यात २०-२५ सेंटीमीटर अंतर ठेवा. रेघेत दोन-तीन सेंटीमीटरवर एकेक बी टाका. मातीने झाकून तळहाताने हलकंच दाबा, म्हणजे बी आणि माती एकमेकांना भिडतात. धन्यांना उगवताना अंधार लागतो, त्यामुळे मातीवर नुसते फोकून सोडू नका.

किती पेरायचं? ३० सेंटीमीटर तोंडाच्या कुंडीला २५-३० अख्खे धने, म्हणजे दुभंगल्यावर ५०-६० बिया, भरपूर झाले. चहाच्या एका चमच्यात शंभराहून जास्त धने मावतात, आणि नवखे लोक एकाच कुंडीत दोन-दोन चमचे रिते करतात. दाट पेरणीत पहिले दहा दिवस फार देखणे असतात. त्यानंतर हवा खेळत नाही, खालची पानं पिवळी पडतात आणि रोपं मुळाशी कुजायला लागतात.

कुंडीवर तारखेची पट्टी खोचा. पुढे तिचा उपयोग आहे.

उगवेपर्यंतचे दिवस

गार हवेत सात ते दहा दिवसांत माती तडकलेली दिसते आणि वाकलेले कोंब वर येतात. जास्त थंडी असेल तर तीन आठवडेही लागतात. या काळात वरची माती एकदाही पूर्ण वाळता कामा नये. बी एकदा फुगून पुन्हा सुकलं की संपलं. रोज सकाळी बारीक भोकांच्या झारीने किंवा फवाऱ्याने शिंपडा. हवा तापलेली असेल तर कुंडीवर ओलं गोणपाट अंथरा, माती गार राहते. पण पहिला कोंब दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढायचं. एक दिवस उशीर झाला तरी कोंब पांढरे, लांबुडके होतात.

पहिली दोन पानं लांब, जिभेच्या आकाराची असतात. ती पाहून भलतंच तण आलं की काय असं वाटतं. थांबा. त्यानंतर येणारी पानं कातरलेली, ओळखीची असतात.

तीन आठवडे उलटूनही काही आलं नाही तर माती उकरून दोन-चार धने वर काढा. मऊ, काळे पडलेले असतील तर पाणी जास्त झालं. होते तसेच टणक असतील तर पाणी कमी पडलं. पोकळ निघाले तर बी जुनं. आणि धने सापडलेच नाहीत तर मुंग्या, पक्षी किंवा उंदीर येऊन गेले. पुढच्या वेळी जाळी घाला.

विरळणी, पाणी, खत

रोपं बोटभर उंच झाली की विरळणी करा. पानांसाठी वाढवत असाल तर दोन रोपांत तीन-चार सेंटीमीटर अंतर पुरतं. धन्यांसाठी काही रोपं ठेवणार असाल तर त्यांना १५ ते २० सेंटीमीटर मोकळी जागा हवी. नको असलेलं रोप उपटण्याऐवजी कात्रीने मातीलगत कापा, शेजारच्याची मुळं हलत नाहीत. कापलेली रोपं खायला उत्तम, ही तुमची पहिली कापणीच समजा. विरळणी करताना अनेकांचा जीव होत नाही. पण दहा गुदमरलेल्या रोपांपेक्षा चार मोकळी रोपं जास्त पानं देतात.

पाणी ठरावीक दिवसांनी देऊ नका, बोट खुपसून बघा. वरचा दोन सेंटीमीटरचा थर कोरडा लागला की द्या आणि तळातून पाझरेपर्यंत द्या. रोज थोडं थोडं शिंपडल्याने वरची माती ओली दिसते आणि खाली सोटमूळ तहानलेलं राहतं. पाणी सकाळी द्यावं, शक्यतो पानांवर न ओतता मुळाशी. माती वारंवार सुकू दिली तरी कोथिंबीर फुलावर यायची घाई करते. तिच्या घाईला एवढं निमित्तही पुरतं.

खताबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कमीच द्या. माती करतानाच चांगलं कुजलेलं खत घातलं असेल तर पहिल्या कापणीपर्यंत काहीही लागत नाही. कापणीनंतर मूठभर गांडूळखत ओळींमध्ये पसरून हलकं पाणी द्या. नत्राचा मारा केलेली कोथिंबीर हिरवीगार, टपोरी दिसते, पण वासाला फिकी पडते. शिवाय तिच्यावर मावाही लवकर बसतो.

कापणी

पेरणीपासून साधारण पाच ते सहा आठवड्यांत, रोपं वीतभर उंच झाली की कापायला लागा. उष्ण हवेत हे चार आठवड्यांतही होतं. कुंडीवरची तारखेची पट्टी इथे कामाला येते. सकाळी ऊन चढायच्या आत कापावं, तेव्हा पानं पाण्याने भरलेली असतात आणि कापल्यावर लवकर कोमेजत नाहीत.

कोथिंबिरीच्या रोपाला मातीलगत मधोमध एक केंद्र असतं आणि नवी पानं तिथून फुटतात. म्हणजे बाहेरच्या बाजूचे मोठे दांडे कापले आणि मधला कोवळा भाग शाबूत ठेवला की रोप पुन्हा भरतं. दांडा मातीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर कात्रीने कापा. हाताने ओढू नका, रोपच हातात येतं. एका वेळी रोपाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नका.

रोज चिमूटभर लागत असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोपं पालटत पालटत कापत जावं. शेवटच्या रोपापर्यंत पोचाल तोवर पहिलं पुन्हा वाढलेलं असतं. एकदम जुडीच हवी असेल तर अख्खी ओळ चार-पाच सेंटीमीटर वरून सपाट कापा. ती दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येईल, फक्त थोडी कमी भरगच्च. अशा दोन, फार तर तीन कापण्या मिळतात. तिसरीनंतर रोपांकडून आणखी अपेक्षा ठेवू नका.

तिसरा मार्ग म्हणजे मुळासकट उपटणं. रोपं तुऱ्यावर येणारच अशी चिन्हं दिसत असतील तर तोच शहाणपणाचा. मुळांनाही भरपूर स्वाद असतो, ती धुऊन वापरता येतात.

तुरा आला म्हणजे

मधला दांडा जाड होऊन वर चढायला लागला आणि नवी पानं रुंद न राहता धाग्यासारखी बारीक येऊ लागली की समजा, रोपाने पानांचं दुकान बंद केलं. बारीक पानं खाता येतात, पण त्यांचा स्वाद बदललेला, जरा उग्र असतो. दांडा खुडला तर पुन्हा पानं येतील असा सल्ला सर्रास दिला जातो. खुडल्याने चार-आठ दिवस मिळतात, जास्त नाही. एकदा फुलाकडे वळलेलं रोप परत फिरत नाही, बाजूने दुसरे दांडे काढतं. त्यापेक्षा हातात असलेली रुंद पानं कापून घ्या आणि कुंडी कोणत्या कामाला लावायची ते ठरवा.

त्याआधीच ठरवलेलं असेल तर सगळ्यात बरं. पहिली कुंडी पेरल्यापासून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी पेरायची, पुन्हा तेवढ्याच अंतराने तिसरी. पहिलीची शेवटची कापणी होते तेव्हा दुसरी ऐन भरात असते आणि तिसरी बोटभर आलेली असते. तिसरी कापायला आली की पहिली रिकामी करून, थोडं खत मिसळून पुन्हा पेरायची. दोन-तीन माणसांच्या घराला मध्यम आकाराच्या तीन कुंड्या अशा फिरवल्या की गार दिवस संपेपर्यंत खंड पडत नाही. एकच लांब कुंडी असेल तर तिचे तीन भाग पाडा आणि हेच करा. एक पथ्य मात्र पाळा: त्याच मातीत दोन-तीनदा घेतल्यावर ती माती दुसऱ्या पिकाला द्या. गाजर, बडीशेप, ओवा, जिरं ही कोथिंबिरीचीच भावंडं, त्यामुळे ती नकोत. पालक, मेथी किंवा एखादी शेंगभाजी लावा.

उन्हाळ्यात काय करायचं? तेव्हा कोथिंबीर मोठी करण्याच्या भानगडीत पडू नका. उथळ ट्रेमध्ये सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर दाट पेरा, सावलीत ठेवा आणि तीन-चार आठवड्यांत रोपं दहा-बारा सेंटीमीटरची झाली की सगळीच्या सगळी कापा. पुन्हा फुटायची वाट पाहायची नाही, ट्रे रिकामा करून लगेच पुढची पेरणी. तुरा काढायला तिला वेळच मिळत नाही.

रोग आणि कीड, थोडक्यात

उगवून आलेली रोपं मातीलगत बारीक, काळपट होऊन आडवी पडत असतील तर ती मर आहे. मातीतली बुरशी, जास्त पाणी आणि दाटी मिळून ती होते. पडलेली रोपं उठत नाहीत, आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका आणि पाणी आवरा. पानांमागे हिरवट-काळे बारीक किडे म्हणजे मावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन जातो. दोन-तीन दिवसांआड हे केलं की बहुतेकदा आटोक्यात येतो. पानांवर पिठासारखा पांढरा थर म्हणजे भुरी. तशी पानं कापून टाका आणि रोपांत हवा खेळती ठेवा. पानांवर पाण्याने भिजल्यासारखे, पुढे तपकिरी होणारे ठिपके बियाण्यातून आलेल्या जिवाणूंचेही असू शकतात आणि ते पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पसरतात. त्या रोपांचे धने पुढच्या पेरणीला ठेवू नका.

पाच-सहा आठवड्यांच्या या पिकावर, तेही कच्चं खायच्या, रासायनिक फवारणी करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. फारच बिघडलं तर कुंडी रिकामी करा, पुढची पेरणी वाढतेच आहे.

धने धरायचे असतील तर

चांगली वाढलेली, उशिरा तुऱ्यावर आलेली चार-पाच रोपं निवडा. लवकर तुरा काढणाऱ्या रोपांचे धने ठेवले तर तीच सवय पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता असते. निवडलेल्या रोपांची पानं कापू नका आणि दांडे लवंडू नयेत म्हणून काडीचा आधार द्या. ती अर्धा-पाऊण मीटरपर्यंत वाढतात.

पांढऱ्या-फिक्या गुलाबी फुलांचे छत्राकार गुच्छ येतात. त्यांच्यावर मधमाश्या येतात, फुलमाश्याही येतात, आणि काही फुलमाश्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. त्यामुळे एखादी कुंडी फुलू देणं शेजारच्या भाज्यांनाही उपकारक ठरतं. काचेच्या बंद खिडकीत कीटक पोचत नाहीत आणि धने कमी भरतात. फुलं असेपर्यंत ती कुंडी बाहेर हलवा.

फुलं गळली की हिरवे धने धरतात. ते कोवळे असतानाच खुडून वापरता येतात. पानांचा आणि धन्यांचा असे दोन्ही स्वाद त्यांत एकत्र असतात, आणि हे घरी वाढवणाऱ्यालाच सहज मिळतं. पिकत जाताना धन्याचा वास पालटतो. हिरवेपणी तो पानासारखा उग्र असतो, पिकल्यावर गोडसर होतो, कारण पानांसारखा उग्र वास देणारी अल्डिहाइड नावाची द्रव्यं कमी होऊन लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य वरचढ ठरतं. काढणीची वेळ ओळखायला डोळ्यांइतकाच नाकाचाही उपयोग करा.

गुच्छातले दोन तृतीयांश धने तपकिरी झाले की काढणी करा. पेरणीपासून हे साधारण तीन ते चार महिन्यांनी होतं. सगळे वाळायची वाट पाहिली तर आधीचे धने मातीत गळतात. सकाळी दवाने गुच्छ जरा नरम असताना दांड्यासकट कापा, धने कमी सांडतात. पाच-सहा दांड्यांची जुडी बांधून कागदी पिशवीत उलटी घाला, पिशवीचं तोंड दांड्यांभोवती दोऱ्याने बांधा आणि सावलीत, वाऱ्याला टांगा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत ओल धरून बुरशी येते. दोन-एक आठवड्यांत धने पिशवीतच गळू लागतील. उरलेले हाताने चोळून काढा, सुपात पाखडून काडीकचरा उडवा आणि आणखी दोन-तीन दिवस सावलीत पसरून ठेवा. नखाने दाबल्यावर धना न दबता टणक लागला की वाळला.

पानं आणि धने साठवताना

कापलेली कोथिंबीर लगेच धुऊ नका. दांड्यांची टोकं दोन-तीन सेंटीमीटर पाण्यात बुडतील अशी ती ग्लासात उभी करा, वरून सैलशी पिशवी घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. पाणी दोन दिवसांआड बदललं तर आठवडाभर, कधी त्याहून जास्त टिकते. ग्लास ठेवायला जागा नसेल तर कोरड्या कागदी रुमालात गुंडाळून डब्यात. मात्र पानं ओली असता कामा नयेत. कोथिंबीर वाळवण्याच्या फंदात पडू नका. तिचा वास हवेत उडून जाणाऱ्या द्रव्यांचा, वाळवली की हिरवा चुरा उरतो आणि वास जातो. जास्तच आली असेल तर चिरून, थोड्या पाण्याबरोबर बर्फाच्या साच्यात गोठवा. पानांचा कुरकुरीतपणा जातो, पण शिजवायच्या पदार्थात स्वाद बऱ्यापैकी राहतो.

धने घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, उजेड आणि ओलावा नसलेल्या जागी ठेवा. खायचे आणि पेरायचे वेगळे करा आणि पेरायच्या बरणीवर काढणीचा महिना आणि साल लिहा. ताज्या काढलेल्या धन्यांना कधी कधी उगवायला जास्त दिवस लागतात. म्हणून लगेचच्या पेरणीला मागचे धने वापरावेत आणि नवे पुढच्या गार हंगामासाठी राखावेत. हंगाम आला की त्यातले दहा धने आधी ओल्या कागदात घालून बघा.